उंचीचा रकाना आणि देहवाढीचा कारभार

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या कार्यकारिणीने या प्रसंगी व्याख्यान देण्याची आम्हांस आज्ञा केली, तेव्हा प्रथम आम्ही संकोचलो. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. उभे आयुष्य फळा, पाढे आणि हजेरीपट यांत गेले. वैद्यकशास्त्राचे रीतसर अध्ययन आम्ही केलेले नाही. असे असूनही शरीराच्या वाढीचा विषय आम्ही मुद्दाम मागून घेतला. त्यामागे एक कारण आहे आणि ते योग्य स्थळी आम्ही सांगणार आहोत. जे सांगू ते जाणत्या डॉक्टरांना विचारून व ग्रंथ वाचून समजून घेतलेले आहे. त्यात गोड असेल ते त्यांचे आणि उणे असेल ते आमचे, असे समजावे.

गेली काही वर्षे मंडळाच्या वधू-वर सूचीचे लेखनकाम आमच्याकडे आहे. अर्जात जन्मतारीख, रास, शिक्षण, नोकरी असे अनेक रकाने असतात. परंतु सर्वांत अधिक खाडाखोड आम्हांस आढळली ती 'उंची' या रकान्यात. मुलीची उंची एक इंचाने वाढवावी की मुलाची दोन इंचांनी, याचा खल घरोघर चालतो. कोणी मुलाला दारूच्या चौकटीस लोंबकळायला लावतो, कोणी वर्तमानपत्रातील जाहिरात पाहून हजारो रुपयांची भुकटी दुधातून पाजतो. म्हणून आम्हांस वाटले की, उंची मुळात येते कोठून, हे एकदा आपण सर्वांनी मिळून समजून घ्यावे.

आपल्या मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळाच्या मागे, कवटीच्या हाडात एक लहानशी खोबण आहे. तीत वाटाण्याएवढी, वजनाने जेमतेम अर्धा ग्रॅम भरणारी एक ग्रंथी वसलेली असते. तिला पीयूषिका अथवा पोष ग्रंथी म्हणतात. ही ग्रंथी आपले स्राव नळीवाटे न सोडता थेट रक्तात सोडते. अशा स्रावांतील द्रव्यांस संप्रेरके, म्हणजेच हार्मोन, असे नाव आहे. त्यांतील एक म्हणजे वृद्धि-संप्रेरक. ते एक प्रथिन असून १९१ ॲमिनो आम्लांची माळ गुंफून ते तयार झालेले असते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. जाहिरातींची पारख करताना ती पुढे उपयोगी पडेल.

ही ग्रंथी मात्र आपल्या मर्जीने वागत नाही. तिच्या वर मेंदूचा हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तेथून दोन प्रकारचे निरोप येतात. एक निरोप म्हणतो 'सोड', दुसरा म्हणतो 'थांब'. 'थांब' म्हणणाऱ्या द्रव्याचा शोध १९७३ साली लागला व 'सोड' म्हणणाऱ्याचा १९८२ साली. पुढे १९९९ साली असे आढळले की, रिकाम्या जठरातूनही एक संप्रेरक निघते आणि तेही वृद्धि-संप्रेरक सोडण्यास चालना देते. या साऱ्या निरोपांमुळे कालव्याचे पाणी जसे पाळीपाळीने सुटते, तसे हे संप्रेरक दिवसभरात थोड्याथोड्या वेळाने लाटेसारखे रक्तात येते. मधल्या काळात रक्तात ते जवळजवळ सापडत नाही. लहान मुलांत त्याची मोठी लाट रात्री, झोप लागल्यावर तासाभराच्या आत, गाढ निद्रेत येते. 'झोपेत मूल वाढते' असे आपल्या आज्या म्हणत, ते अगदीच निराधार नव्हते. मात्र अधिक झोपविल्याने मूल ठरल्यापेक्षा अधिक उंच होते, असा त्याचा अर्थ कोणी घेऊ नये.

रक्तात आलेले हे संप्रेरक स्वतः हाड ओढून लांब करीत नाही. पेशींच्या पृष्ठभागावर त्याला ओळखणारे ग्राही असतात. संप्रेरकाचा एक रेणू असे दोन ग्राही एकत्र धरतो, तेव्हाच पेशीच्या आत हुकूम पोहोचतो. असे ग्राही यकृतात विपुल आहेत. हुकूम मिळताच यकृत दुसरे एक द्रव्य तयार करून रक्तात सोडते. त्याची घडण इन्सुलीनसारखी असल्याने त्याला इन्सुलीनसदृश वृद्धि-घटक म्हणतात. डॉक्टर मंडळी त्याला 'आय. जी. एफ. एक' या संक्षिप्त नावाने ओळखतात. असे मध्यस्थ द्रव्य असले पाहिजे, हे १९५७ साली सॅल्मन व डॉहडे या अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिले. पुढे असेही आढळले की, हा घटक केवळ यकृतातच नव्हे, तर हाडांच्या टोकांशी जागच्या जागीही तयार होतो. १९९९ साली उंदरांच्या यकृतातील ही निर्मिती बंद करून पाहिली, तरी ते उंदीर जवळजवळ नेहमीसारखे वाढले.

सरकारी कारभाराची उपमा द्यावयाची तर हायपोथॅलॅमस हा जिल्हाधिकारी, पोष ग्रंथी ही तहसीलदार आणि यकृत हा गावचा तलाठी समजावा. वरचा हुकूम खाली येतो आणि कामाचा अहवाल खालून वर जातो. रक्तात वृद्धि-घटक पुरेसा झाला की तीच खबर वर पोहोचते व संप्रेरकाचा ओघ आवरला जातो. हुकमापेक्षा अधिक काम होऊ नये, अशी ही व्यवस्था आहे.

आता प्रत्यक्ष बांधकामाकडे वळू. मुलांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा, म्हणजे कुरकुरीत मऊ अस्थीचा, एक पातळ थर असतो. याला वाढीची चकती म्हणावे. वृद्धि-संप्रेरक व त्याचा सहकारी घटक यांच्या प्रेरणेने या चकतीतील पेशी दुभंगून वाढतात आणि विटांच्या रांगांप्रमाणे एकीवर एक रचल्या जातात. जुन्या पेशी फुगतात, त्यांच्याभोवती चुना साठतो, त्या मरून जातात आणि त्यांच्या जागी पक्के हाड येते. एका बाजूने नवी वीट व दुसऱ्या बाजूने पक्की भिंत, असे हे काम वर्षानुवर्षे चालते. आपण 'मुलगा हाताशी आला' म्हणतो, तेव्हा या चकत्यांनी आपले काम बरेचसे उरकलेले असते.

कारण हे काम कायमचे नसते. वयात येताना प्रथम वाढीला वेग येतो आणि नंतर स्त्रीत्वाचे म्हणून ओळखले जाणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक, मुलींत आणि मुलांतही, या चकत्या हळूहळू हाडात रूपांतरित करून बंद करते. सर्वसाधारणपणे मुलींची उंची चौदा-पंधराव्या वर्षापर्यंत व मुलांची सोळा-सतराव्या वर्षापर्यंत बहुतेक पुरी होते. चकती मिटली की दार मिटले. त्यानंतर लोंबकळणे, भुकटी अथवा इंजेक्शन, कशानेही हाड लांब होत नाही.

ज्या कारणासाठी हा विषय आम्ही मागून घेतला, ते सांगण्याचे स्थळ हेच.

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे नाव सांगणे उचित नव्हे. चेहरा गोंडस, अंग गोलसर, बुद्धी तल्लख. प्रार्थनेच्या रांगेत चार वर्षे तो पहिला उभा राहिला. शाळेच्या संमेलनात वामनाची भूमिका दर वर्षी त्याच्याकडेच येई. बटू तीन पावले टाकी तेव्हा टाळ्यांचा कडकडाट होई आणि आम्हीही कौतुकाने हसत असू. त्याची आई एकदा विचारावयास आली, 'गुरुजी, पोर वाढत का नाही?' आम्ही थोरपणाने उत्तर दिले, 'मूर्ती लहान पण कीर्ती महान! वेळ आली की वाढेल.' ती माउली समाधानाने परत गेली. गुरुजींच्या शब्दाला त्या काळी गावात वजन होते.

तो मुलगा सव्विसाव्या वर्षी लग्नाच्या खटपटीत असता एका तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेला. त्यांनी तपासण्या करून सांगितले की, त्याची पोष ग्रंथी पुरेसे वृद्धि-संप्रेरक कधी देतच नव्हती. हाताच्या क्ष-किरण चित्रात चकत्या मिटलेल्या दिसल्या. डॉक्टरांनी लहानपणच्या नोंदी मागितल्या; त्याने आपली जुनी प्रगतिपुस्तके नेऊन दाखविली. पुढे तो आम्हांस भेटावयास आला, तेव्हा ती पुस्तके त्याच्या पिशवीत होती. पहिलीत १०८ सेंटिमीटर, दुसरीत १११, तिसरीत ११४, चौथीत ११६. त्या वयात वर्षाकाठी पाच-सहा सेंटिमीटर वाढ व्हावयास हवी. येथे तीन वर्षांत अवघी आठ झाली होती. ते आकडे आमच्या हस्ताक्षरात होते. दर वर्षी आम्हीच फूटपट्टी लावली, आम्हीच आकडा लिहिला, आम्हीच सही केली. परंतु मागच्या पानावरील आकडा काय होता, हे एकदाही उलटून पाहिले नाही. 'गुरुजी, तुम्ही मोजले तरी होते,' एवढेच तो म्हणाला. त्याने दोष दिला असता तर आम्हांस हलके वाटले असते.

आज तो आपल्या व्यवसायात स्थिर आहे, त्याचा संसार सुखाचा आहे. उंचीवाचून त्याचे काही अडले नाही, हे त्याचे कर्तृत्व होय. त्याने आमचा हिशेब फिटत नाही.

तेव्हा उपाय होता का, असा प्रश्न कोणी विचारील. होता, आणि त्या उपायाचा इतिहासही जाणून घेण्यासारखा आहे. १९२१ साली कॅलिफोर्नियातील हर्बर्ट इव्हान्स व त्यांचे सहकारी लाँग यांनी बैलांच्या पोष ग्रंथीचा अर्क उंदरांस टोचला आणि उंदीर अवाढव्य वाढले. १९४४ साली चो हाओ ली व इव्हान्स यांनी गुरांच्या ग्रंथीतून हे संप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळे काढले. पण ते माणसास लागू पडेना. मधुमेहाच्या रोग्यांस गुरांचे व डुकरांचे इन्सुलीन चालत असे, तसे येथे नव्हते. माणसाला माणसाचेच वृद्धि-संप्रेरक हवे होते. १९५८ साली बोस्टनचे डॉक्टर मॉरिस रॅबेन यांनी मृत माणसांच्या ग्रंथीतून काढलेले संप्रेरक एका सतरा वर्षांच्या खुज्या मुलास दिल्याचे प्रसिद्ध केले. तो मुलगा वाढू लागला होता.

त्यानंतर अनेक देशांत मृतांच्या ग्रंथी गोळा करण्याची व्यवस्था झाली आणि हजारो मुलांना हे औषध मिळाले. पण १९८५ साली एक भयंकर गोष्ट उघडकीस आली. हे औषध पूर्वी घेतलेले काही तरुण मेंदू पोखरणाऱ्या एका असाध्य रोगाने दगावले होते. ज्या मृतांच्या ग्रंथी वापरल्या, त्यांतील काहींत त्या रोगाचे बीज होते. अमेरिकेत हे औषध तत्काळ बंद करण्यात आले. पुढील काळात जगभर या कारणाने दोनशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. सुदैवाने तोवर शास्त्रज्ञांनी दुसरी वाट शोधली होती. १९७९ साली माणसाचे या संप्रेरकाचे जनुक जिवाणूंत घालून त्यांच्याकडून हे प्रथिन बनवून घेण्यात यश आले होते. १९८५ च्या अखेरीस अमेरिकेत या नव्या औषधास संमती मिळाली. आज वापरतात ते असे प्रयोगशाळेत सिद्ध झालेलेच होय. ते रोज रात्री कातडीखाली टोचतात. आता आठवड्यातून एकदा टोचण्याची औषधेही निघाली आहेत. औषध महाग आहे, वर्षानुवर्षे घ्यावे लागते आणि चकत्या उघड्या असतानाच ते उंची वाढविते. म्हणूनच वेळेचे एवढे महत्त्व.

मघाशी आम्ही म्हणालो, हे संप्रेरक म्हणजे प्रथिन. आता तो धागा उचलू. डाळीतील प्रथिन पोटात गेले की जसे पचून त्याचे तुकडे होतात, तसेच हेही पचून जाते. म्हणून इंजेक्शनातून देण्याचे वृद्धि-संप्रेरक गोळीत वा भुकटीत घालून पोटी दिल्यास त्याचा काडीमात्र उपयोग नाही. 'उंची वाढवा' अशी कितीही मोठ्या अक्षरांत जाहिरात असो, दुधाबरोबर दिलेली ती भुकटी दुधापेक्षा अधिक काही करीत नाही.

मात्र दूध, डाळ, भाकरी, अंडे यांना कमी लेखू नये. उपाशी अथवा अर्धपोटी मुलाच्या रक्तात वृद्धि-संप्रेरक कमी नसते. उलट अधिक असते. पण यकृत त्याचा हुकूम मानीत नाही आणि वृद्धि-घटक तयार करीत नाही. संप्रेरक तेवढ्या काळापुरते दुसरे काम करते. ते चरबी वितळवून शरीराला इंधन पुरविते आणि रक्तातील साखर मेंदूसाठी राखते. घरात धान्य नसता बांधकाम काढू नये, हे शहाणपण शरीराला ठाऊक आहे. अशा मुलास इंजेक्शन नको, पोटभर सकस अन्न हवे. तसेच सततच्या जाचात व मायेवाचून वाढणाऱ्या काही मुलांत पोष ग्रंथीचे काम मंदावते आणि त्यांना प्रेमाच्या घरी हलविले की कोणत्याही औषधावाचून ती वाढू लागतात, असे अमेरिकेतील डॉक्टरांनी १९६७ साली नमूद केले. मारून मुटकून मूल शिस्तीला लागते, असे मानणाऱ्या आम्हां शिक्षकांनी तर हे विशेष ध्यानी घ्यावे.

कमी असणे जसे वाईट, तसेच अधिक असणेही. पोष ग्रंथी लहानपणीच अति संप्रेरक देऊ लागली तर राक्षसी देह होतो. अमेरिकेतील रॉबर्ट वाडलो १९१८ साली जन्मला व २७२ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ नऊ फूट, वाढला. त्याला चालण्यासाठी पायांस आधारपट्ट्या लावाव्या लागत. त्यांतील एक पट्टी घासून झालेल्या जखमेत विष भिनले आणि १९४० साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो वारला. हाच दोष प्रौढपणी जडला तर हाडे लांब होत नाहीत. हात, पाय, जबडा व नाक जाड होत जातात, अंगठी बोटात जात नाही, चप्पल लहान होते. या रोगाचे वर्णन १८८६ साली फ्रेंच वैद्य पिएर मारी यांनी केले. अशी चिन्हे हळूहळू येतात. घरच्यांच्या ध्यानात येत नाहीत, जुना फोटो पाहिला म्हणजे फरक उमगतो.

आता आमच्या वयाच्या मंडळींसाठी दोन शब्द. वयोमानाने हे संप्रेरक कमी होत जाते. १९९० साली अमेरिकेत डॉक्टर रुडमन यांनी साठी ओलांडलेल्या बारा पुरुषांना ते सहा महिने दिले. त्यांची चरबी घटली व मांस वाढले. झाले! तारुण्य परत देणारे औषध म्हणून त्याचा गाजावाजा सुरू झाला. पण पुढील प्रयोगांत असे दिसले की, मांस वाढले तरी त्या प्रमाणात बळ वाढत नाही. वर सूज, सांधेदुखी व रक्तात साखर वाढणे मात्र पदरी पडते. उलट एक्वाडोर देशात जन्मतः या संप्रेरकाचे ग्राहीच सदोष असलेल्या खुज्या माणसांत कर्करोग व मधुमेह फारच क्वचित आढळतो, असे २०११ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा अधिक संप्रेरक म्हणजे अधिक आयुष्य, हा हिशेब खरा नव्हे. व्यायामशाळेत जाणाऱ्या आपल्या तरुणांनीही चोरून मिळणाऱ्या इंजेक्शनांच्या वाटेस जाऊ नये.

आता शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी. जन्मतः मूल सुमारे ५० सेंटिमीटर असते. पहिल्या वर्षी ते सुमारे २५ ने वाढते, दुसऱ्या वर्षी सुमारे १२ ने आणि चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत दर वर्षी पाच-सहाने. आईबापांच्या उंचीची बेरीज करावी. मुलगा असल्यास तीत १३ सेंटिमीटर मिळवावे, मुलगी असल्यास १३ वजा करावे आणि निम्मे करावे. अपेक्षित उंचीचा साधारण अंदाज येतो. बहुतेक बुटकी मुले निरोगी असतात. ती आईबापांवर गेलेली असतात किंवा उशिरा वयात येणारी असतात. त्यांना कसल्याही औषधाची गरज नाही. पण वर्षाकाठी चार सेंटिमीटरही वाढ होत नसेल, तर 'वेळ आली की वाढेल' असे म्हणू नये, बालरोगतज्ज्ञांस दाखवावे. दोष थायरॉईडचा असेल, आतड्यांचा असेल, मुलींत गुणसूत्रांचा असेल अथवा पोष ग्रंथीचा. संप्रेरक लाटांनी येत असल्याने रक्ताच्या एकाच तपासणीवरून निदान होत नाही. डॉक्टर वृद्धि-घटक मोजतात, औषध देऊन ग्रंथीला चालना देऊन पाहतात आणि मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडाचे वय ठरवितात. कित्येक दोषांवरील उपाय तर अगदी स्वस्त असतात.

आमची मंडळास नम्र विनंती एवढीच. प्रत्येक घरी दर गुढीपाडव्यास, गुढी उभारून झाली की, मुलांना दाराच्या चौकटीशी अनवाणी उभे करावे, डोक्यावर पाटी आडवी धरून एक रेघ ओढावी व शेजारी तारीख लिहावी. आणि मुख्य म्हणजे मागच्या वर्षीची रेघही पाहावी. मोजणे सोपे आहे; दोन आकडे शेजारी ठेवून पाहणे हेच राहून जाते. याच संमेलनात पुढील वर्षापासून मुलांची उंची मोजण्यासाठी एक टेबल मांडावे. ते काम आम्ही आनंदाने करू. या खेपेस मागचे पान उलटून करू.

वधू-वर सूचीतील रकान्याविषयी म्हणाल, तर त्यात खरा आकडा लिहावा आणि तो वाचणाऱ्याने त्यावरून माणूस मोजू नये. चकती मिटली की उंचीचा प्रश्न संपला. गुणांची वाढ मात्र कोणत्याही वयात मिटत नाही.